समान जागा

आमचे संपादक बातमी दोऱ्यानं मोजत. गोधडी शिवायचा साधा पांढरा दोरा, टेबलाच्या खणात रिळासकट ठेवलेला असे. ज्या बातमीत दोन पक्ष असतील तिची प्रिंट ते टेबलावर पसरत, एका पक्षाच्या म्हणण्याच्या पहिल्या ओळीवर दोऱ्याचं टोक अंगठ्यानं दाबत आणि शेवटच्या ओळीशी गाठ मारत. मग तोच दोरा दुसऱ्या पक्षाच्या म्हणण्यावर धरत. मजकूर गाठीपर्यंत पोचला नाही तर वाढवायचा, गाठीच्या खाली गेला तर कापायचा. संगणक शब्द मोजून देतो, असं ऑपरेटरनं त्यांना अनेकदा सांगितलं होतं. ते म्हणत, "शब्द मोजून काय करू? वाचणारा जागा बघतो. कुणाला किती जागा दिली, ते बघतो."

धाराशिव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून निघणारं ते चार पानी दैनिक होतं. कार्यालय बसस्टँडसमोर, बी-बियाण्याच्या दुकानाच्या वर. खालच्या औषधांचा वास पायऱ्या चढून येई आणि पेपरच्या गठ्ठ्यांना लागे. आता दैनिक बंद आहे आणि संपादकही हयात नाहीत. मी तिथं वार्ताहर होते. ते मला 'वार्ताहर' याच नावानं हाक मारत. ऑपरेटरला ऑपरेटर, पेपर टाकणाऱ्याला पेपरवाला. आडनाव ते कुणाचंच घेत नसत. आडनावावरून जात कळते, जातीवरून बाजू कळते, आणि बाजू कळली की समोरचा पुढचं ऐकत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्यासोबत काम केल्यामुळे मलाही ती सवय लागली. इथंही मी कुणाचं नाव देत नाही.

विशेषणाला ते लाच म्हणत. 'भव्य मोर्चा' लिहिलं की विचारत, "भव्य कुणी सांगितलं? मोर्चावाल्यानं सांगितलं असंल तर त्याच्या तोंडी घाल. तुला वाटलं असंल तर पुसून टाक." लग्नाला गेले तर अक्षता मुलीकडच्यांमध्ये उभं राहून टाकत आणि जेवायला मुलाकडच्या पंगतीत बसत. घरी सुनांचं भांडण झालं की दोघींना वेगवेगळं बोलावून म्हणणं ऐकून घेत आणि निकाल न देता ऑफिसला येत. धाकटी सून एकदा ऑफिसच्या फोनवर मला म्हणाली, "ताई, मामंजींना सांगा, आमचं मिटलंय. ते आले की परत दोन्हीकडून ऐकतील अन् परत पेटंल."

हे वेड त्यांना लागलं त्याला कारण होतं. तरुणपणी त्यांनी एका रेशन दुकानदाराविरुद्ध बातमी दिली होती. रॉकेल काळ्या बाजारात जातं, असं गावकऱ्यांनी सांगितलं आणि त्यांनी छापलं. दुकानदाराला विचारलं नाही. जमावानं दुकान फोडलं. रॉकेल जात होतं ते शेजारच्या गावच्या दुकानातून. तो दुकानदार गाव सोडून गेला. ही हकिकत ते कधीतरीच सांगत आणि सांगून झाल्यावर लगेच कामाला लागत.

त्यांचा मित्र एकच होता. नगरपालिकेच्या गाड्या दुरुस्त करणारे मिस्त्री. दोघं जिल्हा परिषदेच्या शाळेत एका बाकावर बसलेले. रोज सकाळी स्टँडच्या हॉटेलात दोघांचा चहा होई. एकदा सत्ताधाऱ्यांच्या माणसाच्या हॉटेलात, दुसऱ्या दिवशी विरोधकांच्या माणसाच्या. हा नियम अर्थातच संपादकांचा. मिस्त्री म्हणत, "अरे, विरोधकाचा चहा बिल्कुल बेकार हाय. त्याला काय मी जिंदगीभर प्यायचा का?"

"निवडणुकीपर्यंत पी," संपादक म्हणत.

मिस्त्रींना हा माणूस चिडवायला फार आवडे. एकदा माझ्यादेखत म्हणाले, "वार्ताहरबाई, ह्याच्या घराला आग लागली ना, तर हा आगीचं पण म्हणणं छापंल."

संपादक बशीतला चहा संपवून म्हणाले, "आग बोलली तर छापीन."

मिस्त्रींचं काम पाण्याच्या टाकीखालच्या मैदानात चाले. घंटागाड्या, पाण्याचे टँकर, एक जुना अग्निशमन बंब, सगळं तिथंच. वर छप्पर नाही. बांधीव खड्डा नाही. असा खड्डा असला की गाडी त्याच्यावर उभी करतात आणि मिस्त्री खाली उभं राहून काम करतो. तो नसल्यामुळे मिस्त्री गाडी जॅकवर उचलत आणि पोतं अंथरून तिच्याखाली पाठीवर सरकत. गाड्या नगरपालिकेच्या, पण मिस्त्री कायम नोकरीत नव्हते. रोजंदारीवर होते.

त्या वर्षी नगरपालिकेला निधी आला आणि नगराध्यक्षांनी त्यातून देखभाल-दुरुस्ती केंद्र बांधायचा प्रस्ताव ठेवला. छप्पर, खड्डा, हत्यारांची खोली. विरोधी गटानं आक्षेप घेतला. गावात नळाला आठवड्यानं पाणी येत होतं. गटारं उघडी होती. अशा गावात गाड्यांवर खर्च कशाला, हा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. वाद वाढला तेव्हा नगराध्यक्षांनी सभागृहात नागरिकांची बैठक बोलावली.

सभागृह भरलं होतं. मागं बायका भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यातली एक म्हातारी पुढं आली आणि माईक न घेताच म्हणाली, "माझ्या डोक्यावर पत्रा न्हाय. नळाला पाणी न्हाय. अन् तुमी टँकरला बंगला बांधताव व्हय?"

सभागृह हसलं. विरोधी गटनेत्यानं ते वाक्य उचललं आणि पुढं भाषणभर वापरलं. टँकरला बंगला, बंबाला बंगला, घंटागाडीला माडी. नगराध्यक्षांनी मिस्त्रींना उठवलं.

मिस्त्रींना चारचौघांत बोलायची सवय नव्हती. त्यांनी टोपी काढून हातात धरली. "टँकर बिघडला की पाणी बंद पडतं," ते म्हणाले. "एक खड्डा पाहिजे."

मागून कुणीतरी ओरडलं, "गावात लई हायेत मिस्त्री, कुठला बी घ्या की."

पुन्हा हशा झाला. मिस्त्री खाली बसले. टोपी घालायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

मी ऑफिसला येऊन बातमी लिहिली. संपादकांनी दोरा धरला. विरोधाची बाजू कॉलमभर होती, केंद्राची बाजू तिच्या निम्मीही नव्हती. "मिस्त्री एवढंच बोलला?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "मग जा अन् आणखी घेऊन ये."

मी मैदानात गेले तेव्हा मिस्त्री टँकरखाली होते. बाहेर फक्त पाय दिसत होते. मी उकिडवं बसून पायांशी बोलले.

"संपादक म्हणतात, आणखी सांगा."

"आणखी काय सांगू?" खालून आवाज आला. "लिहा, पाठ भिजते. टाकी गळती ना वर. डोळ्यात ऑइल पडतं. घरवाली बोलते, उशी काळी होते रोज. हे लिहिता का?"

"लिहिते."

"लिहा मग. अन् तुमच्या संपादकाला बोला, माप बरोबर घे."

उठताना मी पाहिलं. जॅक एकच होता. टँकरच्या मागच्या चाकांच्या आसाखाली, आधार म्हणून, दगड रचले होते. दगडांवर लाकडाचा ठोकळा होता आणि तो मधोमध तडकलेला होता. टाकीच्या गळतीनं जमीन मऊ झाली होती आणि खालचा दगड अर्धा चिखलात गेला होता.

मी मिस्त्रींचं म्हणणं लिहिलं आणि त्याखाली दगडांचा परिच्छेद लिहिला. संपादकांनी तो वाचला.

"हे मिस्त्री बोलला?"

"नाही. मी पाहिलं."

"नगराध्यक्ष बोलले?"

"नाही."

"विरोधक तर बोलणारच न्हाईत. मग हे कुणाचं म्हणणं?"

"कुणाचंच नाही. तिथं तसं आहे."

"तू लिहिलंस म्हणजे तू एका बाजूला गेलीस," ते म्हणाले. रागावून नाही. हिशोब समजावून सांगावा तसं. "लोक म्हणतील, पेपर केंद्राच्या बाजूचा हाय. मग मिस्त्रीचं खरं असलं तरी कुणी ऐकणार न्हाय." त्यांनी परिच्छेदावर काट मारली आणि दोरा धरला. उशीच्या वाक्यानंतर मजकूर बरोबर गाठीवर संपत होता.

बातमीचा मथळा होता, 'दुरुस्ती केंद्राबाबत दोन मते'. दोन्ही कॉलम सारखे. एका कॉलमात टँकरचा बंगला, दुसऱ्यात काळी उशी.

दुसऱ्या दिवशी हॉटेलात मिस्त्री पेपरची घडी काखेत घेऊन आले. "बरोबर छापलंस," ते संपादकांना म्हणाले. "सगळं गाव विचारतंय, उशी धुतली का."

पुढच्या सभेत विषय तहकूब झाला. निधी हायवेवरच्या स्वागत कमानीकडं वळवला गेला. कमानीला कुणी विरोध केला नाही, त्यामुळे ती बातमी मोजावी लागली नाही.

उन्हाळ्यात येरमाळ्याच्या यात्रेसाठी आसपासच्या गावांकडून टँकर मागवले होते. आमच्या नगरपालिकेचा एक टँकर मागच्या चाकातून आवाज करत होता. तो संध्याकाळपर्यंत निघाला पाहिजे, असं मिस्त्रींना सांगण्यात आलं. दुपारी खालचा दगड चिखलात सरकला. टँकर मिस्त्रींच्या मांडीवर आणि कमरेवर बसला. त्यांना काढायला जॅक लावायचा तर जमीन जॅक धरत नव्हती. शेवटी लोकांनी हातांनी टँकर उचलला.

सोलापूरच्या दवाखान्यात त्यांचा एक पाय मांडीतून काढला.

नगरपालिकेचं पत्रक आलं ते असं होतं: सदर कर्मचाऱ्याने आवश्यक ती खबरदारी न घेता काम केल्याने, त्याच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे दुर्घटना घडली. रोजंदारीच्या माणसाला नुकसानभरपाई मिळायची की नाही, हे त्या 'निष्काळजीपणा' शब्दावर ठरणार होतं. पत्रक ज्यांनी काढलं त्यांना ते माहीत होतं. संपादकांनाही माहीत होतं.

ते एसटीनं सोलापूरला गेले. मी सोबत होते. मिस्त्री शुद्धीवर होते. त्यांची बायको उशाशी बसून त्यांच्या बोटांच्या नखांतला काळेपणा ओल्या फडक्यानं काढत होती. संपादक खाटेजवळ उभे राहिले. खिशातून कागद काढला, पेनाचं टोपण काढलं.

"मिस्त्री," ते म्हणाले, "नगरपालिकेनं पत्रक काढलंय. तुझी चूक म्हणतेत. तुझं काय म्हणणं हाय, सांग. सगळं घेतो."

मिस्त्रींनी त्यांच्याकडं पाहिलं. मग कागदाकडं. मग तोंड भिंतीकडं फिरवलं.

संपादक पुन्हा म्हणाले, "एकच वाक्य सांग. बाकीचं मी बघतो."

बायको म्हणाली, "भाईजान, तुम्ही आता जा."

परतीच्या बसमध्ये ते खिडकीकडं बसले. तुळजापूर गेलं तरी पेनाचं टोपण त्यांच्या हातातच होतं.

अशा वेळी एक ओळ छापायची पद्धत आहे: संबंधितांची प्रतिक्रिया मिळू शकली नाही. मी ती लिहिली. संपादकांनी खोडली. "एक ओळ म्हणजे समान जागा न्हाय," ते म्हणाले. पत्रकाचा मजकूर त्यांनी दोऱ्यानं मोजला आणि शेजारी तेवढाच कॉलम आखायला सांगितला. वर मथळा: 'मिस्त्रींचे म्हणणे'. खाली काही नाही.

ऑपरेटर म्हणाला, "साहेब, कोरं दिसंल."

"दिसू दे."

"लोकांना वाटंल, मशीन बिघडलं."

"त्याची जागा हाय ती. त्यात दुसऱ्याचं काही जाणार न्हाय."

मला वाटतं, त्या माणसानं आयुष्यात घेतलेली सर्वात उघड बाजू तीच होती. पण ते फक्त त्यांना माहीत होतं. सकाळी फोन येऊ लागले. शाई संपली का? जाहिरात राहिली का? कुणीतरी पानाचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर फिरवला आणि खाली लिहिलं, जागा भाड्याने देणे आहे.

चौकशी जिल्ह्याच्या ठिकाणाहून आलेल्या अधिकाऱ्यानं केली. माणूस सभ्य होता, घाईत नव्हता. त्याच सभागृहात एका टेबलाशी तो बसला. समोरच्या फायलीत आमच्या पेपरचं कात्रण लावलेलं होतं. मला आणि संपादकांना आम्ही स्वतः अर्ज केल्यावर बोलावलं गेलं.

अधिकाऱ्यानं कात्रण आमच्याकडं फिरवलं. "इथं कर्मचाऱ्याला पूर्ण जागा दिलेली दिसते. त्यानं काही म्हटलेलं नाही."

"तो बोलला न्हाय," संपादक म्हणाले.

"तेच मी म्हणतोय. घटना ताजी होती, विचारणारा मित्र होता, तरी पत्रक त्यानं नाकारलं नाही. नगरपालिकेनं हे कात्रण आपल्या बाजूनं जोडलंय."

संपादकांनी कात्रणाकडं पाहिलं. त्या कोऱ्या चौकटीचा असाही अर्थ निघतो, हे त्यांच्या मनात आलं नव्हतं. ते चेहऱ्यावर दिसत होतं.

मी मग दगडांचं सांगितलं. एकच जॅक, तडकलेला ठोकळा, चिखल, वरची गळती. हे सगळं अपघाताच्या कितीतरी आधी होतं आणि मी स्वतः पाहिलं होतं. अधिकाऱ्यानं ऐकून घेतलं.

"तुम्ही वार्ताहर आहात. पाहिलं होतं, तर छापलं का नाही?"

मी उत्तर द्यायच्या आधी संपादक म्हणाले, "म्या काढलं."

"का? खात्री नव्हती?"

"खात्री होती. बाई खोटं लिहीत न्हाईत."

"मग?"

"ते कुणी बोललं नव्हतं."

अधिकाऱ्याला उत्तर कळलं नाही असं नव्हतं. फक्त ते लिहायचं कसं, हे त्याला कळत नव्हतं. शेवटी त्यानं लिहिलं की, वार्ताहराचं कथन त्या वेळी प्रसिद्ध झालेलं नसल्यानं ग्राह्य धरता येत नाही. वाचून दाखवलं आणि सही घेतली.

निष्काळजीपणा कायम राहिला.

त्यानंतर संपादक रोज सकाळी मिस्त्रींच्या घरी जात. ओट्यावर बसत. मिस्त्री दारातल्या बाजेवर पडलेले असत. आतून चहा येई. तो पिऊन संपादक उठत. मिस्त्री त्यांच्याशी एक अक्षर बोलत नसत आणि 'येऊ नको' असंही म्हणत नसत. मिस्त्रींची बायको मला म्हणाली होती, "दोघं बी गप बसतेत. मला वाटतं, भांडले तर बरं."

दोऱ्याचं काम मात्र चालू राहिलं. फक्त आता मोजून झाल्यावर ते मला विचारत, "तू तिथं काय बघितलंस?" मी सांगे. ते ऐकून घेत. छापत नसत. एवढ्या वर्षांची सवय त्यांना मोडता आली नाही, आणि ती बरोबर आहे असंही त्यांना आता म्हणता येत नव्हतं.

अपघातानंतर दुरुस्ती केंद्राला कुणाचाच विरोध उरला नाही. विषय एकमतानं मंजूर झाला. गटनेत्यानंच अनुमोदन दिलं. केंद्र टाकीखालच्या मैदानातच बांधलं गेलं. उद्घाटनाच्या दिवशी मांडव घातला होता, पाहुणे यायचे होते. मिस्त्रींना निमंत्रण नव्हतं. चौकशीत दोषी ठरलेल्या माणसाला बोलावणं कुणाला सुचलं नसावं.

संपादकांनी त्या सकाळी मला लवकर स्कूटी काढायला सांगितली. आम्ही पोचलो तेव्हा तिथं फक्त सतरंज्या अंथरणारे होते. संपादक शेडमध्ये गेले. खड्ड्याला नवा रंग होता. ते चपला काढून पायऱ्यांनी खाली उतरले, तळाशी उभे राहिले, हात वर करून पाहिला, भिंतीवरून बोटं फिरवली. बराच वेळ ते वर आले नाहीत. मग आले आणि म्हणाले, "मिस्त्रीकडं घे."

मिस्त्री बाजेवर होते. मांडवातल्या लाउडस्पीकरचा आवाज गल्लीत येत होता. संपादक ओट्यावर बसले.

"खड्डा बांधलाय," ते म्हणाले. "म्या उतरून बघितला."

मिस्त्री छताकडं बघत होते.

"पायऱ्या हायेत. भिंतीत दिवे बसवलेत, जाळी लावून. बाजूला हत्यारं ठेवायला कोनाडा केलाय. म्या खाली सरळ उभा राहिलो. डोकं कुठं लागत न्हाय."

आतून कपबशीचा आवाज आला. मग मिस्त्री म्हणाले, "तू बुटका हायेस."

संपादक हलले नाहीत.

"मी उभा राहिलो तर मान वाकवावी लागंल का?"

संपादकांनी विचार केला. उजवा हात डोक्यावर आडवा धरून पाहिला. "न्हाय," ते म्हणाले. "तुला बी लागणार न्हाय."

मिस्त्रींनी डोळे मिटले. झोपले असं वाटलं. पण ते बोलले.

"तळाला उतार हाय का? पाणी जायला?"

"ते बघितलं न्हाय."

"टाकी वरून गळती. तळाला पाणी साचलं तर पोरं खड्ड्यात उतरणार न्हाईत. परत दगडं लावून भुईवर झोपतील." त्यांनी डोळे उघडले आणि पहिल्यांदा संपादकांकडं पाहिलं. "जा, बघून ये."

मिस्त्रींची बायको चहा घेऊन दारात आली होती. संपादक तोवर उठले होते आणि ओट्याखाली चपला शोधत होते.